फिल्म बाजारात पिच करायला जाताय? नरेशन घरी ठेवून जा

पहिल्या वर्षी गोव्याला फिल्म बाजारात, म्हणजे सिनेमावाले आपल्या प्रोजेक्टला प्रोड्यूसर-पार्टनर शोधायला जमतात तिथे, गेले तेव्हा माझ्याकडे एकशे दहा पानांची स्क्रिप्ट होती, स्पायरल बाइंडिंग केलेल्या तीन कॉप्या होत्या आणि अंधेरीत लागलेली नरेशनची, म्हणजे अख्खी स्क्रिप्ट सीनवार सांगून दाखवायची, सवय होती. समोरचा खुर्चीत टेकला रे टेकला की "पहाट, विहिरीचा कठडा, लांबून मोटारीचा आवाज" असं सुरू करायचं. समोर फ्रान्सच्या एक प्रोड्यूसर बाई. मिटिंग वीस मिनिटांची. सतराव्या मिनिटाला मी इंटरव्हलला पोचले होते आणि अजून व्हिलन आलाच नव्हता. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, छान आहे, पण उद्या ऑफिसात फोन करून मी माझ्या पार्टनरला काय सांगू?

मला उत्तर देता आलं नाही. वेळ संपली, कॉफीचा कप तसाच राहिला.

आता तीन वर्षं जाऊन आल्यावर कोणी विचारलं की पिच, म्हणजे आपला सिनेमा समोरच्यापुढे थोडक्यात मांडणं, कशी करायची तर मी त्या बाईंचा प्रश्नच पुढे करते. आपल्याला वाटतं समोरचा माणूस पैसे घेऊन बसलाय आणि आपण त्याला पटवायचं. तसं नसतं हो. तो तुमची गोष्ट घेऊन अजून तिघाचौघांकडे जाणार असतो, पार्टनरकडे, एखाद्या फंडाच्या कमिटीकडे, सिनेमा देशोदेशी विकणाऱ्या सेल्स एजंटकडे, आणि तिथे तुम्ही नसता. खरी पिच तो करणारे. तुम्ही त्याला ती तोंडपाठ होईल अशी करून द्यायची, एवढंच काम.

आधी कुठल्या दाराने जाताय ते ठरवा

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आहे आणि फिल्म बाजार २००७ मध्ये सुरू झाला, एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ तो चालवते, आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालंय पण सगळे बाजारच म्हणतात. फेस्टिव्हल म्हणजे सिनेमे बघायला लाइनीत उभं राहायचं ते, आयनॉक्सला आणि कला अकादमीत. बाजार वेगळा, तो मिरामारला मॅरियटमध्ये भरत आलाय, नोव्हेंबरात फेस्टिव्हलच्या पहिल्या काही दिवसांतच, आणि त्याचा पास वेगळा, फीही वेगळी. पहिल्यांदा जाणारे बरेच जण इफ्फीचा डेलिगेट पास गळ्यात घालून मॅरियटच्या दारात उभे असतात आणि आत सोडत नाहीत म्हणून वैतागतात.

आत गेल्यावरही दारं वेगवेगळी आहेत. नुसती स्क्रिप्ट असेल तर स्क्रीनरायटर्स लॅब. स्क्रिप्ट आहे, प्रोड्यूसर आहे आणि परदेशी पार्टनर हवाय तर को-प्रोडक्शन मार्केट. सिनेमा शूट झालाय, रफ कट म्हणजे कच्चं एडिट आहे तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब. आणि पूर्ण झालेला किंवा होत आलेला सिनेमा प्रोग्रामर लोकांनी, म्हणजे फेस्टिव्हलसाठी सिनेमे निवडणाऱ्यांनी, बघावा असं वाटत असेल तर व्ह्यूइंग रूम, जिथे कॉम्प्युटरवर हेडफोन लावून लोक एकामागून एक सिनेमे बघतात आणि दहा मिनिटांत पुढचा लावतात, त्यामुळे तुमची पहिली दहा मिनिटं ढिली असतील तर देवच मालक. अविनाश अरुणचा 'किल्ला' २०१३ मध्ये इथल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये होता आणि पुढच्याच फेब्रुवारीत बर्लिन फेस्टिव्हलचा क्रिस्टल बेअर पुरस्कार घेऊन आला. म्हणजे सगळ्यांनी को-प्रोडक्शनच्याच मागे लागायची गरज नाही. शूट झालेलं असेल तर उगाच बजेटच्या पिचा करत बसू नका.

अर्ज पावसाळ्यातच करावे लागतात, दिवाळीनंतर जाग आली तर फक्त पास काढून जाता येतं. तेही वाईट नाही, पहिल्या वर्षी खरंतर तसंच जावं, लोक कसे बोलतात ते बघावं, ओपन पिच चालतात तिथे मागे बसावं. मी तो शहाणपणा केला नाही.

गोव्यात नाही झालं तर वर्षभर गाडी फिरतच असते. जानेवारीअखेर रॉटरडॅमला सिनेमार्ट, १९८३ पासूनचं, या प्रकारच्या मार्केटांचं मूळ तेच. फेब्रुवारीत बर्लिन, मार्चमध्ये हाँगकाँग, मे मध्ये कान, पावसाळा संपता संपता बुसान. एकच प्रोजेक्ट दोन-तीन ठिकाणी फिरलं तर चालतं, पण पाच-सहा मार्केट झाली आणि अजून तिथंच आहे म्हटलं की लोकांना ते शिळं वाटायला लागतं. तेच तर चेहरे असतात सगळीकडे.

एक ओळ, पण खरी

माझी गोष्ट एका पाणाड्याची. जालन्याकडचा म्हातारा, हातात नारळ घेऊन शेतात फिरतो आणि पाणी कुठे लागेल ते सांगतो, आणि त्याची मुलगी औरंगाबादला जिऑलॉजी शिकून आलीये. पहिल्या वर्षीची माझी लॉगलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट, अशी होती: श्रद्धा आणि विज्ञान यांच्या संघर्षात सापडलेल्या बाप-लेकीच्या नात्याचा हळवा प्रवास. आता वाचून लाज वाटते. यात पाणी नाही, नारळ नाही, काहीच दिसत नाही, असे हळवे प्रवास शंभर जण घेऊन आलेले असतात.

दुसऱ्या वर्षीची: गावाने शेवटची बोअर कुठे घ्यायची हे बापाने दाखवलंय, पण मुलीला माहितीये की तिथे खाली कोरडा खडक आहे, आणि पैसे तिच्याच लग्नासाठी ठेवलेले आहेत.

ही त्या माणसाला फोनवर सांगता येते. हीच परीक्षा लावा. घरातल्या कोणाला तरी, सिनेमाशी संबंध नसलेल्या, एकदा सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा काय गोष्ट होती. माझ्या मावशीला पहिली आठवली नाही, दुसरी आठवली आणि वर म्हणाली मग लागलं का पाणी? तिथं समजलं की जमलं.

आणि आपली संस्कृती समजावत बसू नका. मी पाणाड्या म्हणजे काय यावर चार मिनिटं तयार करून नेली होती, भारतात अंधश्रद्धा, ग्रामीण भाग वगैरे. समोरचा जर्मन माणूस म्हणाला माझ्या आजोबांच्या गावात पण होता एक, काठी घेऊन फिरायचा. फ्रेंचमध्ये तर त्याला शब्दच आहे, सूर्सिए. चार मिनिटं वाचली असती ना. तसंच "मराठी सिनेमा म्हणजे बॉलिवूड नाही" हेही सांगायची आता गरज राहिली नाही, २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये 'साबर बोंडं'ला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालंय, त्याआधी चैतन्य ताम्हाणेचे सिनेमे व्हेनिसला गाजलेत, प्रोग्रामर लोकांना माहितीये. उलट ते विचारतील की तुझं त्यांच्यापेक्षा वेगळं काय.

कागदपत्रं, पटकन

एक पानी सिनॉप्सिस, शेवटासकट. शेवट लपवू नका, हा ट्रेलर नाहीये. डिरेक्टर्स नोट एक पान, त्यात "सिनेमा हे माझं पॅशन आहे" ही ओळ दिसली की वाचणारा पान उलटतो, त्यापेक्षा ही गोष्ट तुमच्याकडे कशी आली ते लिहा, मी लिहिलं की आमच्या शेतात दोन बोअर कोरड्या गेल्या आणि दोन्ही जागा एकाच माणसाने दाखवल्या होत्या आणि तरी आजोबांनी तिसऱ्यांदा त्यालाच बोलावलं. बस. लुकबुक, म्हणजे सिनेमा कसा दिसेल ते फोटोंतून सांगणारं, दहा-बारा पानांचं, पिंटरेस्टवरचे सुंदर सुंदर फोटो नकोत, तुम्ही स्वतः जाऊन काढलेले लोकेशनचे, चेहऱ्यांचे. आधीच्या शॉर्ट फिल्मची लिंक सबटायटलसकट, आणि पासवर्ड दुसऱ्याच्या फोनवर टाकून बघा. माझा चालत नव्हता आणि हे मला दीड महिन्याने कळलं.

इंग्रजीचं म्हणाल तर मराठी सिनॉप्सिस भाषांतर करायला देऊ नका, मशीनला तर नाहीच. इंग्रजीत पहिल्यापासून नवं लिहा, साधं, छोट्या वाक्यांत. मराठवाडी बोलीतले डायलॉग इंग्रजीत न्यायचे तर न्यायचे, पण "अगं माय" चं "ओ मदर" करून ठेवलेल्या स्क्रिप्टा मी बघितल्यात, हसू येतं.

स्क्रिप्ट मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करून मगच बाहेर काढा, आणि कथा किंवा कादंबरीवर असेल तर लेखकाशी लेखी करार हवाच. "सर आमचे ओळखीचे आहेत, हो म्हणालेत" याला कोणी विचारत नाही.

पैसे

इथे आपण सगळ्यात कच्चे असतो, आणि समोरच्याला सगळ्यात जास्त हेच ऐकायचं असतं. डायरेक्टर लोक म्हणतात मला आकड्यांचं विचारू नका, ते प्रोड्यूसर बघेल. प्रोड्यूसर कुठाय? शोधतोय. मग बाबा आधी तो शोध. एकटा डायरेक्टर को-प्रोडक्शन मार्केटला गेला की पहिला प्रश्न तोच येतो, तुझ्याबरोबर भारतातून कोण आहे, कारण को म्हणजे सोबत, पहिला असेल तर दुसरा येणार. नामांकित नको, तुमचा कॉलेजमधला मित्र असला तरी चालेल पण त्याच्याकडे कंपनी हवी, पॅन हवा, त्याला बजेट वाचता यायला हवं, आणि परदेशातून पैसे आले तर बँक कुठला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा नंबर, मागणार हे सीएला विचारून ठेवलेलं असावं.

आकडे तीन तोंडपाठ हवेत: एकूण किती, हातात किती, किती कमी पडतायत. आमचं एकूण २ कोटी ४० लाख होतं. युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरला तर २ लाख ४० हजार युरो. त्यातले ८० लाख आमच्या प्रोड्यूसरचे, त्याचं लेटर. ३० लाखांचं इन-काइंड, म्हणजे कॅमेरावाल्याने भाडं मागे ठेवलं, एका स्टुडिओने एडिट सूट दिला, गावातला वाडा फुकट, पण या सगळ्याची बाजारभावाने किंमत लिहायची, फुकट मिळालं म्हणून शून्य लिहायचं नाही. उरले १ कोटी ३० लाख, हे शोधायला आलोय. एवढं वीस सेकंदात सांगता आलं की समोरचा मागे टेकून बसलेला पुढे सरकतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

महाराष्ट्र सरकारचं अनुदान यात हातातले पैसे म्हणून धरू नका. ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर मिळतं. फायनान्स प्लॅनमध्ये खाली "अपेक्षित" म्हणून लिहा, चांगलं दिसतं.

दुसरी गोष्ट, युरोपचा पैसा बहुतेक वेळा रोख तुमच्या खात्यात येऊन पडत नाही. फ्रेंच को-प्रोड्यूसर त्याच्या देशातल्या फंडातून पैसे काढतो आणि त्यातला मोठा भाग तिथेच खर्च करावा लागतो. म्हणजे साउंड मिक्स तिथे, कलर ग्रेडिंग तिथे, कधी संगीतकार तिथला, कधी एडिटर. म्हणून जायच्या आधीच ठरवा की तुमच्या सिनेमातलं काय बाहेर जाऊ शकतं आणि काय नाही, आणि ते तुमच्या साउंडवाल्याला आधी सांगा. माझ्या साउंडवाल्याला ते माझ्या पिच डेकमध्ये वाचून कळलं, महिनाभर बोलला नाही.

भारताचे फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांशी को-प्रोडक्शनचे करार आहेत, करारात बसणारा सिनेमा दोन्ही देशांत स्वदेशी धरला जातो आणि दोन्हीकडच्या मदतीला पात्र होतो. पण त्यासाठी अर्ज शूटिंगच्या बरेच आधी करायचा असतो, शूट उरकून मग करार आठवला तर उपयोग नाही. आणि काही फंडांच्या यादीत नेपाळ-बांगलादेश असतात पण भारत नसतो, त्यामुळे आधी यादी वाचा, मग त्या फंडाचं नाव घ्या. रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाला भारत चालतो, तो १९८८ पासून आहे, स्क्रिप्ट डेव्हलपमेंटला १० हजार युरो देत आलाय. दहा लाखांत सिनेमा होत नाही हे त्यांनाही माहितीये, पण ताम्हाणेच्या 'कोर्ट'लाही हा फंड होता आणि तो शिक्का असला की पुढच्या टेबलावर तुमचा मेल उघडला जातो.

आणखी एक उलटा प्रकार. आपल्याला वाटतं बजेट कमी सांगितलं की पटकन हो म्हणतील. ५० लाखांचा सिनेमा असेल तर परदेशी माणसाला वकील, प्रवास, कागदपत्रं यातच इतका खर्च येतो की तो म्हणतो तू एकटीच बनव ना. खरंय त्याचं. असा सिनेमा बनवून थेट वर्क-इन-प्रोग्रेसला न्या.

टेबलावर

स्टेजवरची पिच आणि टेबलावरची मिटिंग यात गल्लत करू नका. स्टेजवर तुम्हाला मोजकी मिनिटं, स्लाइड मागे, समोर अंधारात शंभर जण. ती पाठ करा, घड्याळ लावून, नाटकाच्या तालमीसारखी, एकांकिका स्पर्धा केलेल्यांना हे बरोबर जमतं. एकच करा, स्लाइडवर लिहिलेलं वाचू नका आणि मूड व्हिडिओ दाखवणार असाल तर दीड मिनिटाच्या वर नको. आवाज बंद पडला तर काय बोलणार हे ठरवून ठेवा, कारण पडतो.

टेबलावर मात्र पाठ केलेलं चालत नाही. वीस-तीस मिनिटं, लगेच पुढचा येऊन मागे उभा राहतो. आदल्या रात्री तो माणूस कोण आहे ते बघा, त्याने काय बनवलंय, कुठल्या देशाचा, सेल्स एजंट आहे का प्रोड्यूसर का फेस्टिव्हलचा प्रोग्रामर, कारण तिघांकडे मागायचं वेगळं असतं. प्रोग्रामर पैसे देत नाही, तो फक्त म्हणतो कट झाला की पाठव. सेल्स एजंट स्क्रिप्टवर क्वचित काही बोलतो. प्रोड्यूसरकडेच को-प्रोडक्शन मागायचं. मी एकदा प्रोग्रामरला फायनान्स प्लॅन समजावला, बिचारा मान हलवत राहिला.

बसल्यावर पहिल्यांदा त्यांना विचारा की बाजाराच्या पुस्तिकेत माझ्या प्रोजेक्टबद्दल वाचलंय का. वाचलं असेल तर गोष्ट सांगूच नका, त्यांना काय आवडलं तिथून सुरू करा. नसेल तर दोन मिनिटांत सांगा, मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड जातं आपल्याला, शांतता झाली की आपण घाबरून सबप्लॉट सांगायला लागतो. नका सांगू. तो विचार करत असतो. मग प्रश्न येतात आणि ते जवळपास ठरलेले असतात, तू हे का करतेयस, स्क्रिप्टचा कितवा ड्राफ्ट, कलाकार कोण, शूट कधी. शूट कधी याला "पैसे आले की" हे उत्तर देऊ नका. मी सांगते मे महिन्यात, कारण विहिरी तेव्हाच तळाला जातात, जूनमध्ये पाऊस आला की माझं लोकेशन संपलं. हे ऐकल्यावर तारखेला वजन येतं.

"माझ्याकडून काय हवंय" हा प्रश्न आला तर एकच गोष्ट मागा. पैसे, सल्ला, ओळख, फेस्टिव्हल सगळं एकदम मागितलं की माणूस सटकतो. आणि नाव घ्यायला अवघड असेल तर विचारून घ्या कसं म्हणायचं, तुमचं नावही त्यांना दोनदा सांगा, मी तर सोपं करून सांगते, काही बिघडत नाही.

"कान"ची निवड सांगताना सांभाळून. तिथे पैसे भरून मार्केट स्क्रीनिंग घेता येतं, शॉर्ट फिल्म कॉर्नरलाही नोंदणी करून जाता येतं, आणि गावाकडे पेपरात "कान्ससाठी निवड" अशी बातमी येते, हारतुरे होतात, चालू द्या, आईवडिलांना आनंद होतो. पण ते बायोडेटात ऑफिशियल सिलेक्शन म्हणून लिहून त्या टेबलावर नेऊ नका. त्या लोकांचं कामच ते आहे, एका नजरेत कळतं आणि मग तुमचं खरं पण खोटं वाटायला लागतं.

आणि कोणी म्हणालं मी तुमची अमक्या फंडाशी ओळख करून देतो, एवढी फी द्या, तर हसून पुढे चला. माझ्या एका मित्राचे असे ४० हजार गेलेत. खरा एजंट सिनेमा विकला गेल्यावर कमिशन घेतो, आधी नाही.

राहायचं वगैरे

मॅरियटमध्ये राहायची गरज नाही, पणजीत किंवा ताळगावला होमस्टे बघा, चार जण मिळून. कोकण रेल्वेने करमळीला उतरा. पाच मिनिटांत पोचायचं असेल तर पायलट करा, म्हणजे मोटारसायकलवाले, मिरामार ते आयनॉक्स त्यांच्याच मागे बसून मी सगळ्या मिटिंगा गाठल्यात. संध्याकाळच्या पार्ट्यांना जा पण तिथे पिच करू नका, फक्त चेहरा लक्षात राहू दे. एक जॅकेट न्या, आतला एसी भयंकर असतो.

परत आल्यावर

रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक कार्डाच्या मागे लिहा, कोण, काय म्हणाले, काय पाठवायचंय. तिसऱ्या दिवशी सगळे चेहरे एक होतात, हे मी गॅरंटीने सांगते. घरी आल्यावर आठवड्याच्या आत मेल. विषयात सिनेमाचं नाव आणि कुठे भेटलो ते. मजकुरात त्यांनीच बोललेली एखादी गोष्ट, मी त्या जर्मन माणसाला लिहिलं होतं "तुमच्या आजोबांच्या गावातल्या काठीवाल्याबद्दल बोललो होतो", त्याचं उत्तर दोन तासांत आलं. मग ती एक ओळ, तीन आकडे, एक पीडीएफ, दहा एमबीच्या आत. फाइलचं नाव "फायनल फायनल नवीन ३" नको, सिनेमाचं नाव आणि तुमचं नाव हवं, ती फाइल पुढे तिसऱ्याच माणसाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन पडणार आहे.

उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एक आठवण. त्यानंतर गप्प. नाही हा शब्द ते सहसा वापरत नाहीत, "कीप मी पोस्टेड" म्हणतात, त्याचा अर्थ आत्ता नाही. पुढचा मेल फक्त काहीतरी खरं घडल्यावर, नवा ड्राफ्ट, एखादा फंड, कलाकार ठरला. त्या पहिल्या फ्रेंच बाईंना मी दोन वर्षांनी असाच मेल केला, नव्या लॉगलाइनसकट, खाली लिहिलं की पार्टनरला हे सांगा. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, सांगितलं, तो विचारतोय पाणी लागतं का.